अंगणातलं इंजिन: ट्रकचं टायमिंग घरी उघडावं का?

दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम सुरू होतात. त्याच दिवसांत अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार या पट्ट्यात कुठल्यातरी वस्तीवर लिंबाखाली एमएच-२४ नाहीतर एमएच-२६ पासिंगचा एखादा ट्रक रेडिएटर काढून उभा दिसतो. ऊसतोड टोळीशी करार झालेला असतो, उचल दिलेली असते, गाडीचा हप्ता चालू असतो. मागच्या हंगामात "पुढून खडखड यायलीय" म्हणत रेटून नेलेलं काम आता टाळता येत नाही. गॅरेजला गाडी लावावी तर हंगामाआधी सगळ्यांनाच घाई, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. मग मालक, त्याचा भाऊ, ओळखीचा एक मिस्त्री आणि मागून आणलेला पुलर एवढ्या भांडवलावर इंजिनाचा पुढचा भाग अंगणात उघडला जातो.

हे करावं की नाही, याबद्दल या भागात दोन ठाम मतं ऐकू येतात. गॅरेजवाले म्हणतात, टायमिंगला घरी हात लावू नका. जुने ड्रायव्हर-मालक म्हणतात, आम्ही रस्त्याच्या कडेला उघडून बसवलंय, त्यात काय एवढं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी इंजिनं असतात. माझं मत असं की, आधी गाडीत कोणतं इंजिन आहे ते पाहावं. काही इंजिनांचं काम घरी नीट होतं, काहींचं अर्धं होतं, काहींचं मुळीच होत नाही. आणि जिथं होऊ शकतं तिथंही ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीपायी फसतं: करणाऱ्यापाशी त्या इंजिनाची मापं नसतात.

टायमिंग म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट असावं. क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून क्रँकच्या गिअरला जितके दात त्याच्या दुप्पट कॅमच्या गिअरला. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पंपाला प्रत्येक सिलिंडरमध्ये तितक्याच वेळा डिझेल सोडावं लागतं. डिझेल इंजिनात हवा मूळ आकाराच्या सतराव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळपास उरतच नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याला धडकतोच. कॅमच्या गिअरला समजा ६० दात आहेत. बसवताना एक दात चुकला तर कॅम ६ अंशांनी हुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबानं १२ अंश. एवढ्यानं इंजिन कधी सुरूच होत नाही, कधी पांढरा धूर टाकत रडत चालतं, तर कधी व्हॉल्व्ह वाकवून बसतं.

आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांची ओळख त्यांच्या इंजिनाच्या आकड्यांतून होते, आणि ते आकडे फार कमी जणांना उलगडून सांगितले जातात. टाटाचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ४९७ म्हणजे तोच बोअर, चार सिलिंडर. टेल्कोचा डाइमलर-बेन्झशी १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा करार होता, त्या घराण्यातली ही इंजिनं. १९८६ साली आलेल्या ४०७ नं ४९७ गावोगावी पोचवलं. या इंजिनांत टायमिंग गिअरवर चालतं, गिअर पुढच्या कव्हराखाली असतात आणि खुणा डोळ्यांना दिसतात. १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही कंपनी जमशेदपूरला उभी राहिली आणि ५.९ लिटरचं सिक्स-बी इंजिन ट्रकांत आलं, तेही गिअरवरचं. २००५ साली छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस आला. त्याचं इंजिन २७५: दोन सिलिंडर, ७५ मिलिमीटर बोअर, ७०२ सीसी. इंडिकाच्या ४७५ इंजिनाचं जणू अर्धं रूप, म्हणून त्यात टायमिंगला रबरी पट्टा. आणि अलीकडच्या कॉमन रेलच्या बऱ्याच पिकअप-एसयूव्ही घराण्यात चेन. गिअर, पट्टा आणि चेन ही तीन वेगळी माणसं आहेत असं धरून चालावं. गिअर झिजला की कुरकुरतो, चेन सैल झाली की खडखडते, पट्टा मात्र काही न बोलता तुटतो.

आता झिजण्याबद्दल, कारण खरी गोम तिथं आहे. गिअरवरचं टायमिंग मुळात इंजिनाच्या आयुष्यभर टिकावं असंच घडवलेलं असतं. ते झिजलं असेल तर त्याला कुणीतरी झिजवलंय, आणि तो दोषी शोधल्याशिवाय नवा गिअर टाकणं म्हणजे पुढच्या हंगामाला तेच दुखणं राखून ठेवणं. आपल्याकडे पहिला दोषी किलोमीटरचा काटा. ऊस वाहणारा ट्रक दिवसाला फार अंतर कापत नाही. तो शेताच्या बांधावर मोळ्या भरेपर्यंत उभा, कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र उभा. बॅटरी नाहीतर स्टार्टर कमजोर असला की ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाही. काट्यावर आकडा हलत नाही, पण इंजिन तासन् तास फिरत असतं, तेही कमी फेऱ्यांवर, कमी ऑइल प्रेशरवर. तेलात काजळी साचत जाते, तेल दाट आणि काळं होतं. मालक मात्र किलोमीटर मोजून ऑइल बदलतो. या गाड्यांना तासांचा हिशेब ठेवायला हवा, ट्रॅक्टरला ठेवतो तसा. वहीत दिवसाकाठी चालू असलेले तास लिहिले तरी पुरे.

दुसरा दोषी धूळ. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, रस्त्यांच्या कामांवर मुरूम उडतो. एअर फिल्टरचं रबर कडक झालं, होजला चीर गेली, की ती धूळ सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांवाटे तेलात उतरते. धुळीतली वाळू लोखंडापेक्षा कठीण असते. तीच तेलाबरोबर गिअरच्या दातांत पॉलिशच्या कागदासारखी फिरते. तिसऱ्या दोषीकडे बहुतेक सगळेच दुर्लक्ष करतात. तो म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरचा डॅम्पर. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळवटतो आणि सुटतो, तो पीळ शोषायला डॅम्पर असतो. त्याचं रबर फुगलं, फाटलं किंवा बाहेरची कडी सरकली तर तो पीळ थेट टायमिंग गिअरच्या दातांवर आदळतो. डॅम्परच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर खडूनं एक सरळ रेघ मारून ठेवा आणि आठवड्यानं पाहा. रेघ तुटलेली दिसली तर डॅम्पर गेला. या तपासणीला पैसा लागत नाही.

मग निदान. सकाळी गाडी उशिरा सुरू होते, पांढरा धूर, ॲव्हरेज पडलं, चढाला खेचायली नाही: एवढ्यावरून टायमिंग गेलं असं म्हणता येत नाही. हीच लक्षणं नोझल खराब झाल्यावर, डिझेलच्या लाइनीत हवा शिरल्यावर, टॅपेटचं अंतर बिघडल्यावरही दिसतात. स्वस्तातली तपासणी आधी करावी: डिझेल फिल्टर आणि लाइन, मग टॅपेट, मग नोझल. त्यानंतर एका लांब लोखंडी सळईचं टोक टायमिंग कव्हरवर आणि दुसरं कानाशी धरून ऐकावं, पंख्यापासून हात आणि उपरणं लांब ठेवून. गिअरमधली ढिलाई आयडलवर जास्त वाजते आणि रेस दिल्यावर बरीच दबते. सिक्स-बी इंजिनात पंपाच्या गिअरसमोर एक गोल झाकण असतं, ते काढून गिअरचा एक भाग डोळ्यांनी पाहता येतो. ऑइल काढलं की ते थेट डब्यात ओतू नये, स्वच्छ पांढऱ्या कपड्यातून गाळावं आणि जुना फिल्टर कापून उघडावा. चमकणारी बारीक पूड थोडीफार निघतेच. पण नखाला लागतील असे लोखंडाचे कण निघाले तर कव्हर उघडायलाच हवं.

इथं एका सवयीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. गिअर झिजले की पंपाचं टायमिंग मागं पडतं. बऱ्याच इंजिनांत पंपाच्या फ्लँजला लांबट भोकं असतात, पंप थोडा फिरवून टायमिंग पुढं घेता येतं. असं "पंप ओढून दिला" की गाडी त्याच दिवशी पळायला लागते आणि मालक खूश होतो. पण गिअर झिजलेलेच राहतात, व्हॉल्व्हचं टायमिंग मागंच राहतं, आणि पंप जास्त ओढला गेला असेल तर सिलिंडरमधला दाब वाढून हेड गॅस्केट आणि पिस्टन धोक्यात येतात. पंप ओढायचाच असेल तर आधीची खूण छिन्नीनं पक्की करून, किती ओढला ते मालकाला सांगून ओढावा. न सांगता केलेलं हे काम मी फसवणूकच मानतो.

आता प्रत्यक्ष काम. ४९७, ६९७ किंवा त्यांच्यासारखं गिअरवरचं जुनं इंजिन असेल, जागा सपाट असेल आणि दोन दिवसांची सवड असेल, तर हे काम घरी होतं. कामाचा निम्मा भाग म्हणजे पुढचा रस्ता मोकळा करणं: कूलंट काढणं, रेडिएटर, पंखा, बेल्ट, पुली. पुलीचा नट फार ताठ असतो आणि इथंच पहिला अपघात होतो, कारण पुलर नसला की हातोडा निघतो. पुलीवर घातलेला घाव डॅम्पर तर फोडतोच, शिवाय क्रँक मागं ढकलून थ्रस्ट बेअरिंगलाही दुखावतो. पुलर मिळाला नाही तर काम पुढच्या दिवसावर ढकला.

कव्हर काढण्याआधी एक नंबरचा पिस्टन टॉपला आणायचा. टॉप दोन असतात, एक कॉम्प्रेशनचा आणि एक एक्झॉस्टचा, आणि बरीच चुकलेली कामं या गोंधळात चुकतात. चार सिलिंडरमध्ये फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून एक नंबर कॉम्प्रेशनला टॉपवर असताना चार नंबरचे दोन्ही टॅपेट एकाच वेळी हलण्याच्या बेतात असतात. सहा सिलिंडरला ऑर्डर १-५-३-६-२-४, तिथं सहा नंबर पाहायचा. क्रँक नेहमी चालण्याच्या दिशेनंच फिरवायचा. मग कव्हर उघडून गिअरवरचे ठिपके जुळलेत का ते पाहायचं, मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढायचे आणि स्वतःच्या खुणाही पंचनं मारून ठेवायच्या. मधला आयडलर गिअर असलेल्या काही इंजिनांत ठिपके दर दोन फेऱ्यांना जुळत नाहीत, बरेच फेरे फिरवल्यावर जुळतात. ते जुळलेले दिसले नाहीत म्हणून आधीच्यानं चुकवलं असं धरून कुणी गिअर काढून फिरवला की बसलेलं टायमिंग सुटलंच.

दातांमधली ढिलाई डायल गेजनं मोजायची. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या हिशेबात असते, बोटांनी हलवून "ठीक वाटतंय" म्हणण्यासारखी नसते. बदलायचं ठरलं तर एकमेकांत फिरणारे गिअर जोडीनंच बदलावे. जुन्या गिअरच्या दातांना स्वतःचा घाट पडलेला असतो, त्यावर नवा गिअर चढवला की आवाज आधीपेक्षा वाढतो. आयडलरचं बुश, पुढचं ऑइल सील आणि क्रँकवर सील बसतं तिथं पडलेली खाच हेही त्याच वेळी पाहून घ्यावं, नाहीतर नव्या गिअरवरून महिन्याभरात तेल गळायला लागतं.

सिक्स-बी इंजिनाचं मात्र अर्धंच काम घरी होतं. त्याचा कॅम गिअर शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेला असतो. तो काढायला कॅम बाहेर घ्यावा लागतो, आणि कॅम ओढला की टॅपेट खाली पडतात. म्हणून पुशरॉडच्या भोकांतून लाकडी दांडे घालून बारा टॅपेट वर धरून ठेवतात. गिअर काढणं आणि नवा तापवून बसवणं हे प्रेस असलेल्या वर्कशॉपचंच काम. हे इंजिन अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये १९८९ पासून बसत होतं. तिथं त्याची एक खोड प्रसिद्ध आहे: टायमिंग हाउसिंगची जागा पक्की करणारी एक छोटी डॉवेल पिन कंपनानं हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडली तर हाउसिंग फोडते. तिथल्या मालकांनी यावर साधा उपाय काढला, शेजारच्या बोल्टाखाली पत्र्याची एक पट्टी अशी दाबायची की पिनेची वाट अडावी. आपल्याकडं कुणी कोणत्याही कारणानं जुन्या सिक्स-बीचं पुढचं कव्हर उघडलं तर त्यानं आधी ती पिन पाहावी.

जुळणी झाल्यावर सेल्फ मारायची घाई करायची नाही. क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा, कारण इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांचं असतं. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, खुणा पुन्हा पाहायच्या. मग टॅपेट. बारा व्हॉल्व्हच्या जुन्या सिक्स-बीला इंजिन थंड असताना इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर लागतं. ४९७ ला दुसरं माप, ६९७ चं स्वतःचं. "आपलं नेहमीचं" म्हणून एकच फिलर पट्टी सगळीकडं घालणारे हात मी पाहिलेत. डिझेलची हवा काढून, स्टॉप ओढून आधी सेल्फवर ऑइल प्रेशर येऊ द्यायचं, मगच इंजिन सुरू करायचं.

छोट्या हत्तीचा पट्टा बदलणं त्यामानानं हलकं काम. जागा कमी लागते, अवजारं थोडी लागतात. पण पट्ट्याबरोबर टेन्शनर बदललाच पाहिजे, आणि पट्ट्यावर तेल गळत असेल तर आधी ते सील. रबर नुसत्या चालण्यानं जुनं होत नाही, उन्हानं आणि वर्षांनीही होतं. इथल्या उन्हाळ्यात भाजी नाहीतर दुधाचे कॅन वाहणारी गाडी दिवसभर थांबत-चालत राहते. तेव्हा पुस्तकात दिलेले किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी भरेल तेव्हा पट्टा टाकावा, तुटायची वाट पाहू नये. तुटल्यावर पट्ट्याच्या किमतीचा प्रश्नच राहत नाही, हेड उघडावं लागतं.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या आणि त्याआधीच्या कॉमन रेल गाड्यांच्या चेनबद्दल माझं मत थोडक्यात: घरी नको. तिथं कॅम आणि क्रँक जागेवर धरायला त्या-त्या इंजिनाची लॉकिंग अवजारं लागतात, काही बोल्ट अंश मोजून ताणायचे आणि एकदाच वापरायचे असतात, टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. नव्या पिढीच्या काही मोठ्या इंजिनांत तर गिअरच मागं, फ्लायव्हीलकडे गेलेत, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते दिसतही नाहीत. घरी फार तर स्कॅनर लावून कोड पाहावा. पी-००१६ आला तर कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही एवढं कळतं, पण दोष चेनचा, सेन्सरचा की वायरिंगचा हे त्यावरून ठरत नाही.

सुट्या भागांबाबत एकच आग्रह. सील आणि गॅस्केटमध्ये चालवून घेता येईल, टायमिंग गिअर आणि पट्ट्यात नकली माल घेऊ नये. खोक्यापेक्षा वस्तू पाहावी: दातांची कड, खुणेचा ठिपका, भागाचा नंबर, जुन्याशी दात मोजून मेळ. दुकानदारासमोर दात मोजायला लाजू नये.

घरच्या कामात जीव जातो तो टायमिंगपायी जात नाही, टेकूपायी जातो. केबिन पुढं कलणारी असेल तर तिचा लॉक पिन लागल्याशिवाय खाली डोकं घालू नका. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, जॅकवर विसंबू नका, बॅटरीची मायनस तार आधी काढा. आणि काढलेलं तेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. त्या जिल्ह्यात काळं ऑइल बोअरशेजारच्या मातीत ओतणं म्हणजे आपल्याच घागरीत ओतणं. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडं द्यावं.

राहिला प्रश्न ज्ञानाचा. नांदेडला देगलूर नाक्याकडं किंवा लातूरला एमआयडीसीच्या रस्त्याला गेलात तर हे काम डोळे मिटून करणारे उस्ताद भेटतात. त्यांची भाषा मराठी, दखनी आणि पंजाबी मिसळलेली, आणि विद्या शागिर्दाच्या हातात उतरलेली. ती विद्या मोठी आहे. पण ती ज्या इंजिनावर तयार झाली त्या इंजिनापुरती असते, आणि उस्ताद थकला की मापंही त्याच्याबरोबर जातात. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथं तत्त्व शिकवलं जातं. मात्र अमुक इंजिनाला अमुक ढिलाई, अमुक टॉर्क, अमुक खुणा हे ज्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं, ती माझ्या हाताखालून गेलेली सगळी इंग्रजीत होती. अंगणात इंजिन उघडून बसलेल्या माणसाला ती वाचता येत नाहीत, म्हणून तो अंदाजानं बसवतो.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या आयटीआयना, दोन्ही जिल्ह्यांतल्या ट्रकमालक संघटनांना आणि इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. ४९७, ६९७, सिक्स-बी आणि २७५ या चार इंजिनांसाठी प्रत्येकी एक जाड कागदाचं मराठी पान छापा. त्यावर खुणांचं चित्र, दातांची ढिलाई, टॅपेटची मापं, बोल्टांचा टॉर्क आणि फायरिंग ऑर्डर एवढंच असू द्या. सोबत तालुक्याच्या अवजारे बँकेत एक पुलर, एक डायल गेज आणि एक टॉर्क पाना भाड्यानं मिळू द्या. पुढच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत हे होण्यासारखं आहे.